आठव्या भागानंतर काय बिघडतं?

कोरियन प्रेममालिकांबद्दल खान्देशातून आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे: सुरुवातीनं जीव लावला आणि शेवटानं निराश केलं. ज्या मालिकांबद्दल तक्रार आहे त्यांची नावं पत्रांतून काढली आहेत, कारण ज्यांनी त्या अजून पाहिल्या नाहीत त्यांचा रस जाईल. उत्तरांत काही नावं येतात. कुठे शेवट सांगावा लागला, तर तसं आधी म्हटलं आहे.

प्रश्न : आखाजीला आम्ही तिघी बहिणी माहेरी जमलो होतो. दुपारी बाहेर पाय ठेवता येत नव्हता, म्हणून दारं लावून सोळा भागांची एक कोरियन मालिका सुरू केली. पहिले आठ भाग इतके आवडले की जेवणं लांबायला लागली. नवव्यापासून घसरण झाली. नायकाची जुनी मैत्रीण परदेशातून आली. नायिकेच्या लहानपणीच्या अपघाताशी नायकाच्या वडिलांचा संबंध निघाला. मग नायक 'तिच्या भल्यासाठी' तिला सोडून गेला. सोळाव्या भागात 'एक वर्षानंतर' अशी पाटी आली आणि वीस मिनिटांत दोघं पुन्हा एकत्र! रुसवा कसा गेला, कोणी कोणाला काय सांगितलं, काहीच दाखवलं नाही. असं का करतात? आणि पुढची मालिका निवडताना काय पाहावं?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि कोरियातल्या प्रेक्षकांचीही ती जुनीच तक्रार आहे. 2004 मध्ये एसबीएस वाहिनीवर 'लव्हर्स इन पॅरिस' ही मालिका पन्नास टक्क्यांवर टीआरपी घेत होती. (शेवट सांगतो आहोत.) शेवटच्या भागात कळलं की आपण पाहिलं ते नायिकेनं लिहिलेलं एक कथानक होतं. लोक संतापले, वाहिनीकडे तक्रारींचा पाऊस पडला. म्हणजे चांगली चाललेली मालिका शेवटी हातातून निसटणं हे तिथेही अधूनमधून होतं, आणि त्याची कारणं बरीचशी मालिका बनवण्याच्या पद्धतीत आहेत.

आधी वेळेचा हिशेब पाहा. सोळा भाग, प्रत्येकी साधारण 70 मिनिटं, म्हणजे 18 तास 40 मिनिटं. दोन माणसं भेटतात, भांडतात, जवळ येतात, एवढ्या गोष्टीला आठ-नऊ तास भरपूर होतात. साच्यातल्या मालिकेत पहिले चार भाग ओळख आणि खटके, आठव्याच्या आसपास प्रेमाची कबुली, पुढचे दोन-तीन भाग सुखाचे. मग लेखकापुढे प्रश्न येतो की उरलेले पाच-सहा तास कशानं भरायचे. पुरण आठ मांड्यांचं आणि मांडे सोळा लाटायचे, अशी ती स्थिती असते. जुनी मैत्रीण, वडिलांचं पाप, पैशाचं पाकीट घेऊन येणारी श्रीमंत आई, स्मृती जाणं, ट्रकचा अपघात, हे सगळं त्या पाच तासांसाठी मागवलेलं सामान असतं. त्यात 'भल्यासाठी सोडून जाणं' सर्वांत स्वस्त पडतं, कारण त्याला नवं पात्र लागत नाही की नवी जागा. एकानं गप्प बसायचं आणि दुसऱ्यानं रडायचं, एवढ्यावर दोन भाग निघतात.

दुसरं कारण चित्रीकरणाचं. वाहिनीवरच्या मालिकेचे आठवड्याला दोन भाग लागतात, म्हणजे 140 मिनिटं. दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा. जुन्या रीतीत पहिले चारेक भाग आधी चित्रित करून ठेवायचे आणि बाकीचे प्रक्षेपण चालू असतानाच, कधीकधी प्रसंगाची पानं त्याच दिवशी कलाकारांच्या हातात पडायची. सुरुवातीचे भाग परदेशात, निवांत, देखणे असतात आणि पुढचे कॅफे, ऑफिस आणि रुग्णालयाच्या खोलीत अडकतात, ते यामुळे. घाई किती टोकाला जायची याचं एक उदाहरण 24 डिसेंबर 2017 चं आहे. टीव्हीएन वाहिनीवर 'अ कोरियन ओडिसी'चा दुसरा भाग अपुऱ्या ग्राफिक्ससह गेला, कलाकारांना बांधलेल्या तारा पडद्यावर दिसल्या आणि प्रक्षेपण मध्येच थांबवावं लागलं. जुलै 2018 पासून कोरियात आठवड्याला 52 तासांची कामाची मर्यादा टप्प्याटप्प्यानं लागू झाली. त्यानंतर आधीच सगळं चित्रीकरण उरकण्याची पद्धत वाढली आणि बारा भागांच्या मालिकाही वाढल्या.

पण आधी चित्रित केली म्हणजे चांगली, असं समजू नका. 2016 ची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' पूर्ण चित्रित करून मगच दाखवली आणि ती गाजली. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत आलेली, अंतराळ स्थानकातली 'व्हेन द स्टार्स गॉसिप' हीसुद्धा आधीच तयार होती. प्रचंड खर्च, मोठे तारे, तरी पहिल्या आठवड्यानंतर तिचा टीआरपी उतरला आणि वर आला नाही. आधी चित्रित मालिकेत पटकथा चुकली तर प्रेक्षकांचा सूर ऐकून ती सुधारायला जागाच नसते.

उलट दिशेनंही बिघाड होतो. मालिका चालली की भाग वाढवतात. 2013-14 ची 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' वीस भागांची ठरली होती, एकवीस झाले. एका भागानं तिचं काही बिघडलं नाही. पण ज्या मालिकेत मुळातच सामान संपलेलं असतं तिला वाढवलेला एक भागही जड जातो.

आता निवडीचं. आधी स्वतःला विचारा की मन नेमकं कितव्या भागात उडालं. 'शेवट वाईट' असं आपण मोघम म्हणतो, पण भागाचा आकडा काढला की दुखणं कळतं. चौथ्याच्या आत कंटाळा आला असेल तर जोडी जमलेली नाही. तिथेच सोडा, जोडी पुढे जमत नाही. नऊ ते बारामध्ये हात मोबाइलकडे जायला लागला असेल तर सामान संपलं आहे. तुमचं तेच झालं. अशांनी पुढची मालिका आठ, दहा किंवा बारा भागांची घ्यावी. सोळाचीच घ्यायची तर जिच्यात आजूबाजूची माणसं भक्कम आहेत अशी घ्या. 2019-20 ची 'क्रॅश लँडिंग ऑन यू' सोळा भाग तग धरते त्याचं मोठं श्रेय उत्तर कोरियातल्या त्या गावच्या बायकांना, चार शिपायांना आणि दुसऱ्या जोडीला आहे. नायक-नायिका थांबले तरी गोष्ट थांबत नाही. पहिल्या दोन भागांत मोजून पाहा: नायक-नायिका सोडून किती जणांना स्वतःची अडचण आहे, स्वतःचं घर आहे? चार-पाच निघाले तर उत्तरार्धाला आधार आहे. सगळे मित्र फक्त नायिकेला सल्ला द्यायला आणि नूडल्स खायलाच असतील, तर नवव्या भागात काय होणार ते उघड आहे.

तेरा ते पंधरामधली ओढून आणलेली ताटातूट सहन होत नसेल तर लेखकाचं नाव पाहा. कोरियात मालिका लेखकाच्या नावावर ओळखली जाते. बहुधा एकच लेखक किंवा लेखिका पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिते, आणि तिची खोड मालिका बदलली तरी बदलत नाही. तिच्या आधीच्या दोन मालिकांचा उत्तरार्ध कसा होता एवढं ओळखीतल्या कोणाला विचारलं तरी पुरतं.

आणखी एक साधन आहे. विकिपीडियाच्या इंग्रजी पानावर वाहिनीवरच्या बहुतेक मालिकांचे भागवार टीआरपीचे आकडे असतात. गोष्ट न वाचता फक्त तो तक्ता पाहा. आकडे पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत चढत गेले असतील तर लोक टिकले. आठनंतर उतरले असतील तर सावध. 'क्रॅश लँडिंग' 6 टक्क्यांवर सुरू होऊन 21.7 टक्क्यांवर संपली. पण हा तक्ता शेवटाची हमी देत नाही. 2024 ची 'क्वीन ऑफ टिअर्स' 24.85 टक्क्यांवर संपली आणि तरी तिच्या शेवटच्या भागांवर पुष्कळ जण नाराज होते. एकदा जीव लागला की माणूस नाराज होऊनही शेवटपर्यंत बसतो, आणि तुम्ही तिघींनीही तेच केलंत.

'एक वर्षानंतर'बद्दल थोडं. क्षमा लिहिणं अवघड असतं. दोघांना समोरासमोर बसवून, कोणाचं काय चुकलं ते बोलायला लावणारा प्रसंग उभा करायला लेखकाला वेळ आणि कलाकाराला तयारी लागते. काळ पुढे ढकलला की ते सगळं टळतं: केस कापलेले, नवी नोकरी, आणि दुखणं आपोआप बरं झालेलं. ज्या मालिकेत काळ पुढे जाण्याआधीच दोघं नीट बोलून घेतात तिथे ती पाटी खटकत नाही. तुमच्या मालिकेत नेमकं ते बोलणंच गाळलं, म्हणून वीस मिनिटं खोटी वाटली.

प्रश्न : टीव्ही नवा आहे, तरी एका मालिकेत चाकू दिसला की तेवढाच भाग धूसर होतो. सिगारेटचंही तसंच. उलट एका सँडविचच्या दुकानाची पाटी प्रत्येक भागात लख्ख. बिघाड टीव्हीत आहे की नेटमध्ये?
— जळगाव

उत्तर : दोन्हींत नाही. कोरियन वाहिन्या शस्त्र म्हणून उगारलेला चाकू आणि सिगारेट स्वतःच पुसट करतात, आणि तीच प्रत आपल्याकडे येते. थेट स्ट्रीमिंगसाठी बनलेल्या मालिकांत हे सहसा दिसत नाही.

दुकानाची पाटी लख्ख असते कारण तिचे पैसे दिलेले असतात. कोरियात 2010 पासून मालिकेत वस्तू दाखवून जाहिरात करायला कायद्यानं परवानगी आहे. तिला तिथे पीपीएल म्हणतात. लोगो पडद्याच्या एक चतुर्थांशापेक्षा मोठा नको, एकूण वेळेत त्याचा वाटा मर्यादित हवा, असे नियम आहेत. ज्यानं पैसे दिले नाहीत त्याचा लोगो झाकतात. ओळखायची खूण सोपी आहे: पात्र वस्तू हातात घेऊन तिचा उपयोग करून दाखवतं आणि त्या अर्ध्या मिनिटात गोष्ट जागची हलत नाही. मालिश करणारी खुर्ची, जिनसेंगच्या अर्काची पुडी, चेहऱ्यावर फिरवायची क्रीमची कांडी ही नेहमीची मंडळी. एका भागात एक-दोन प्रसंग असतील तर चालवून घ्यावं, खर्च त्यातूनच निघतो. पण प्रेमाची कबुलीच जर सँडविचच्या काउंटरवर होत असेल तर प्रसंग मरतो. तुम्हाला ते खुपलं, यात तुमचं काही चुकलेलं नाही.

प्रश्न : मला नेहमी दुसरा नायक आवडतो आणि नायिका नेहमी पहिल्याकडेच जाते. दर वेळी मन खट्टू होतं. आधी ओळखता येतं का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : जवळजवळ नेहमी येतं. कलाकारांच्या यादीत ज्या पुरुषाचं नाव आधी, तोच शेवटी नायिकेसोबत. पोस्टरवर मध्यभागी कोण आहे पाहा. पहिल्या भागात नायिकेशी ज्याची टक्कर होते, भांडण होतं, कॉफी सांडते, तो पहिला. जो तिला छत्री देतो, वेळेवर औषध आणतो आणि काही मागत नाही, तो दुसरा. हा दुसरा मुद्दामच इतका चांगला लिहिलेला असतो. पहिल्याला बदलायला जागा ठेवायची म्हणून त्याला सुरुवातीला उद्धट करतात. दुसऱ्याला बदलायचंच नसतं, त्यामुळे तो पहिल्यापासून आवडतो, आणि गोष्टीला त्याचा उपयोगही तेवढ्यापुरताच असतो.

2020 च्या 'स्टार्ट-अप'मध्ये तर दुसऱ्या नायकाच्या बाजूनं इतके लोक उभे राहिले की सोळा भाग प्रेक्षक दोन तटांत वाटले गेले. नावांची यादी मात्र पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती. अपवाद आहे तो 'रिप्लाय 1988' (2015-16) सारख्या मालिकेचा. तिथे 'नवरा कोण' हे कोडंच वीस भागांच्या अगदी शेवटापर्यंत ताणलेलं आहे आणि दोन्ही बाजूंना पुरावे पेरले आहेत. तसली मालिका तुम्ही तूर्त टाळलेली बरी.

कधी उलटंही होतं. 2016 च्या 'चीज इन द ट्रॅप'मध्ये उत्तरार्धात पहिल्या नायकाचेच प्रसंग आटले आणि दुसऱ्याला जास्त वेळ मिळाला. मूळ वेबटूनच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या चित्रकथेच्या, लेखिकेनं जाहीर नाराजी व्यक्त केली. दुसरा नायक आवडणाऱ्यांनाही त्यातून काही मिळालं नाही, कारण गोष्टच मोडली.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. जुन्या कोरियन मालिका पाहते. त्यात नायक मुलीचं मनगट धरून ओढत नेतो, भिंतीशी अडवतो, आणि ही म्हणते 'किती प्रेम करतो बघ'. रात्री एक-एक वाजेपर्यंत जागते. बंद करावं का?
— एक आई, शहादा

उत्तर : ताई, सरसकट बंद केलं तर ती मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहील आणि तुमच्याशी बोलणं थांबेल. आधी ती पाहते त्या मालिकेचं वर्ष पाहा. 2009 ची 'बॉइज ओव्हर फ्लॉवर्स' आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतल्या पुष्कळ मालिकांत मनगट ओढणं, न विचारता चुंबन घेणं, श्रीमंत मुलानं आधी छळणं आणि मग जीव लावणं हे प्रेमाचं लक्षण म्हणून दाखवलं आहे. त्या मालिकेत तर शाळेत एखाद्याच्या कपाटावर लाल पत्र चिकटलं की अख्खी शाळा त्याच्या मागे लागते. कोरियातही पुढे यावर टीका झाली. 2018 मध्ये तिथे लैंगिक छळाविरुद्ध मोठी चळवळ झाली, आणि अलीकडच्या अनेक मालिकांत नायक आधी विचारतो, नायिका 'नको' म्हणाली की थांबतो. म्हणून तिला अलीकडच्या मालिकांकडे वळवा.

एक भाग तिच्याजवळ बसून पाहा. मनगटाचा प्रसंग आला की उपदेश न करता एवढंच विचारा: 'तिनं हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला का?' प्रसंग मागे नेऊन पुन्हा पाहा. बहुतेक वेळा नायिका हात मागे ओढत असते, पण वर संगीत इतकं गोड असतं की ते लक्षात येत नाही. आवाज बंद करून तोच अर्धा मिनिट दाखवा. मुली हुशार असतात, पुढचं त्यांना सांगावं लागत नाही.

जागरणाचं कारण मालिकेच्या रचनेत आहे. प्रत्येक भागाच्या शेवटच्या पाच मिनिटांत गाठ मारून ठेवतात आणि पुढच्या भागाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत ती सोडवतात. म्हणून भाग संपल्यावर थांबणं फार जड जातं. तिला सांगा की भागाच्या शेवटी थांबू नकोस, पुढच्या भागाची पंधरा मिनिटं पाहून थांब. तिथे ताण उतरलेला असतो आणि झोप लागते. आठवड्याला दोन भाग हा कोरियन प्रेक्षकांचाच वेग आहे. परीक्षेचे दिवस सोडून तिलाही तो जमेल.

वयाचं बंधन घालायचं तर नेटफ्लिक्सवर अकाउंटच्या पानावर तिचं प्रोफाइल उघडून यूए 13+ ची मर्यादा लावता येते, एखादी ठरावीक मालिका नाव टाकून रोखताही येते. तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलला पिन लावायला विसरू नका, नाहीतर ती मर्यादा कामाची नाही.

प्रश्न : आईला अक्षरं वाचायला जमत नाहीत म्हणून हिंदी आवाज लावतो. नायिका सारखी चिडल्यासारखी वाटते. त्यात फोनवरचे मेसेज कोरियनमध्ये. आई विचारते, 'आते हाऊ इले सोडी दी का?' आणि आम्हालाच कळत नाही. मालिका वाईट आहे की डबिंग?
— धुळे

उत्तर : आधी ते तपासून घ्या. दुसऱ्या भागातला एखादा शांत प्रसंग निवडा, दोघंच बोलत आहेत असा, आणि तो पाच मिनिटं आधी कोरियन आवाजात, मग हिंदीत पाहा. कोरियनमध्ये नायिका हळू बोलते आणि हिंदीत ओरडते असं झालं तर दोष डबिंगचा. दोन्हींत प्रसंग कोरडा असेल तर मालिकेचा. कोरियन प्रेममालिकेत अर्धा अभिनय श्वासात, थांबण्यात आणि पुटपुटण्यात असतो. डबिंगमध्ये ओठ हलले की शब्द भरावाच लागतो, त्यामुळे तो आधी जातो.

हिंदी आवाज ठेवलात तरी सबटायटल बंद करू नका. फोनवरचे मेसेज, पत्रं, दुकानाच्या पाट्या यांचा अर्थ तिथेच येतो. तुम्ही वाचा आणि आईंना अहिराणीतून सांगा. इंग्रजी सबटायटल घेत असाल तर यादीत अनेकदा दोन पर्याय दिसतात: नुसतं 'इंग्लिश' आणि 'इंग्लिश सीसी'. सीसीवाला पुष्कळदा इंग्रजी डबिंगचे शब्द दाखवतो. मूळ संवादाच्या जवळचा हवा तर नुसतं 'इंग्लिश' घ्या.

टीव्हीला वेगळे स्पीकर नसतील तर आवाजाच्या यादीत '5.1' लिहिलेला पर्याय टाळा. त्यात संवाद दबतात आणि संगीत अंगावर येतं. अक्षरं लहान वाटत असतील तर अकाउंटमध्ये त्या प्रोफाइलखाली सबटायटलचा आकार मोठा करता येतो. मोबाइलवर पाहत असाल तर वेग 0.75 करा, वाचायला सवड मिळते.

प्रश्न : सगळे म्हणतात की नायक नायिकेला आधीपासून ओळखत होता. मी सोळाही भाग पाहिले, मला तसं कुठेच दिसलं नाही!
— नंदुरबार

उत्तर : तुम्ही भागाच्या शेवटचा तुकडा पाहिलेला नाही. अनेक मालिकांत नावांची पट्टी सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटांचा उपसंहार येतो, आणि घडून गेलेला प्रसंग दुसऱ्याच्या बाजूनं तिथे दाखवतात. ॲप मात्र नावं सुरू होताच पुढच्या भागावर उडी मारतं. प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये पुढचा भाग आपोआप लागण्याची खूण काढा. मालिका पुन्हा पाहायची गरज नाही, फक्त प्रत्येक भागाची शेवटची तीन मिनिटं पाहा. सोळा भागांचं काम पाऊण तासात होईल, आणि कदाचित मालिकेबद्दलचं मतही बदलेल.

प्रश्न : एका ठिकाणी सोळा भाग, दुसरीकडे त्याच मालिकेचे बत्तीस. आम्ही अर्धीच पाहिली का?
— पाचोरा

उत्तर : नाही, पूर्ण पाहिलीत. कोरियातल्या केबीएस, एमबीसी, एसबीएस या वाहिन्यांना जुलै 2021 पर्यंत भागाच्या मध्ये जाहिरात घ्यायची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी 70 मिनिटांच्या भागाचे 35-35 मिनिटांचे दोन 'भाग' केले आणि मधल्या फटीत जाहिरात घातली. साधारण 2017 ते 2021 मधल्या मालिकांत हे दिसतं. एका भागाची मिनिटं पाहिली की उलगडा होतो.

प्रश्न : राजवाड्यातली प्रेमकथा म्हणून ऐतिहासिक मालिका लावतो आणि शेवटी घरभर रडारड. गोड शेवटाची ऐतिहासिक मालिका नसतेच का?
— चाळीसगाव

उत्तर : असते, फक्त राजा खरा आहे की कल्पित ते आधी पाहायचं. राजा इतिहासातला असेल तर शेवट लेखकाच्या हातात नसतो. (पुढे शेवट सांगतो आहोत.) 2021-22 च्या 'द रेड स्लीव्ह'मधला राजा जोंगजो 1776 ते 1800 राज्य करून गेला आणि त्याची लाडकी उइबिन 1786 मध्येच वारली. मालिका कितीही हळुवार लिहिली तरी ते वर्ष टळत नाही. 2016 च्या 'मून लव्हर्स'मधला राजा ग्वांगजोंग दहाव्या शतकातला, तोही खरा, आणि तिथेही ताटातूटच आहे. उलट 2012 च्या 'मून एम्ब्रेसिंग द सन'मध्ये काळ जोसोन या जुन्या कोरियन राजघराण्याचा असला तरी राजा कल्पित आहे, त्यामुळे लेखकाला दोघांना एकत्र आणायची मोकळीक होती.

म्हणून पहिल्या भागात राजाचं नाव कळलं की ते शोधून पाहा. खरा निघाला तर त्याच्या राणीचं किंवा प्रियेचं मृत्युवर्ष तेवढं बघा, बाकी काही वाचू नका. रडायची तयारी असेल तर अशा मालिका जरूर पाहा. आमच्या मते कोरियन प्रेमकथांतलं सर्वांत नेटकं लिखाण इथेच सापडतं, कारण शेवट ठरलेला असल्यामुळे मधे पाणी घालायला फारशी जागा नसते.

प्रश्न : रोज दीड जीबीचा पॅक आहे. दुसरा भाग नेमका शेवटाजवळ अडकतो आणि मजा जाते. रात्री लाइटही जाते. काय करावं?
— यावल तालुका

उत्तर : नेटफ्लिक्सवर मध्यम दर्जाला तासाला 0.7 जीबीपर्यंत डेटा लागतो, कमी दर्जाला 0.3 आणि एचडीला 3 जीबीपर्यंत. मध्यम दर्जात दीड जीबी म्हणजे साधारण 128 मिनिटं. दोन भाग 140 मिनिटांचे. म्हणून दुसऱ्या भागाची शेवटची बारा मिनिटं राहतात, आणि गाठ तिथेच मारलेली असते. मोबाइलच्या पडद्याला कमी दर्जा पुरतो. ॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटा वापराखाली 'सेव्ह डेटा' निवडा, तेवढ्याच पॅकमध्ये चार भागही बसतील.

लाइटसाठी डाउनलोड करून ठेवा. डाउनलोडचा दर्जा 'स्टँडर्ड' ठेवा, आणि पॅकचा उरलेला डेटा रोज रात्री बारा वाजण्याआधी त्यासाठी वापरा. काही मालिकांचं डाउनलोड एकदा प्ले दाबल्यावर 48 तासांतच संपतं, म्हणून 'चाललं का' हे पाहायला उगाच सगळे भाग सुरू करून बघू नका. आवाज आणि सबटायटल कोणतं ते मात्र डाउनलोड करण्याआधीच निवडा. नंतर नेट नसताना भाषा बदलायला गेलात तर हवा तो पर्याय मिळेलच असं नाही.